थेंब पडल्यावर

"खरं सांग, नळाचं पाणी भरलंस ना?"

"नाही गं आई!" लेक बाथरूमच्या दारात गाल फुगवून उभी राहिली. "माझीच आहे ती!"

आईचा विश्वास बसेना. रोज सकाळी लेकीची लघवी काचेच्या नळीत घ्यायची, वर औषधाचे थेंब टाकायचे. प्रोटीन जात असेल तर नळी दुधासारखी पांढरी होते. आजाराने लेकीच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या, तेव्हा बाबाने आपली एक दिली. टाके सुकतात न सुकतात, तोच तो चिवट आजार नव्या किडनीतही येऊन बसला. तेव्हापासून नळी रोज पांढरी. दवाखान्यात जाड सुई टोचून रक्तातला प्लाझ्मा बदलणं चालू होतं. काल डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "आता उतार पडला नाही, तर ही किडनीही हातची जाईल."

आणि आज नळी नितळ! सुई चुकवायला पोरीने एकदा खरंच पाणी भरलं होतं.

"चल, माझ्यासमोर कर."

"शी!"

"शी नाही नि फी नाही. बस."

पुन्हा थेंब टाकले. पुन्हा नितळ.

मग थेंबच शिळे झाले असणार. आईने इकडेतिकडे पाहिलं, फ्रिज उघडला आणि अंडं फोडलं. त्यातला चमचाभर पांढरा बलक पाण्यात कालवून दुसऱ्या नळीत ओतला. वर तेच थेंब. नळी क्षणात पांढरीफटक झाली.

थेंब चांगले होते. अगदी ठणठणीत होते.

दोन्ही हातांत दोन नळ्या धरून आई तशीच स्वयंपाकघरात उभी राहिली. इतक्यात अर्धी दाढी केलेला बाबा आत आला. त्याची नजर नेमकी पांढऱ्या नळीवर पडली. तोंडाला फेस तसाच, तो मटकन खुर्चीत बसला.

"आजही?"

आईने नुसतीच मान हलवली. हो की नाही, काही कळेना. शेवटी लेकच पुढे झाली. तिने नितळ नळी आईच्या हातातून काढून घेतली आणि त्याच्या नाकासमोर धरली.

"बाबा, ते अंडं आहे! त्याला ने दवाखान्यात. आपल्या दोघांची ही बघ, ही!"