सुकलूची साक्ष

प्राप्तिकराचा मी नावाजलेला वकील, वर कायद्याचा प्राध्यापक. १९५६ साली धानोऱ्याच्या एका पक्षकारासाठी चांद्याला प्राप्तिकर अधिकारीसाहेबांपुढे उभा राहिलो. त्याची मोहाची झाडं माणसानं लावलेली ठरली, तर ते उत्पन्न शेतीचं होऊन कर माफ होणार होता. दोन तास मी कायदा शिकवला आणि मोठ्या ऐटीत जंगलातल्या म्हाताऱ्या सुकलूला साक्षीला उभं केलं.

साहेबांनी विचारलं, "ही झाडं कोणी लावली?"

"लावाले आमी कोन जी? थे जंगलाचे हायेत. आमी तं फुलं वेचाच्या आधी झाडाले पुसतो."

प्रकरण तिथंच आटोपलं. बाहेर येऊन मी सुकलूवर भडकलो.

तो शांतपणे म्हणाला, "वकीलसाहेब, तुमी मले आधी काऊन नाई पुसलं?"