मध्यंतराची माळ

मध्यंतराला आमचा बास्केटबॉल संघ वीसेक गुणांनी मागे होता. एकटी मृण्मयी कोर्टभर धावून दमली होती.

"सर, आज शेवटचं. यापुढे मी खेळणार नाही," ती टॉवेलात तोंड खुपसून प्रशिक्षकांना म्हणाली.

तेवढ्यात प्रेक्षकांत टाळ घेऊन बसलेल्या आमच्या कीर्तनमंडळातले दिगंबरकाका पायऱ्या उतरले. त्यांनी तिला बुक्का लावला, गळ्यात झेंडूची माळ घातली.

"अहो काका, हरतोय आम्ही!"

"कीर्तनातही बुवांना माळ मध्येच घालतात, पोरी. उत्तररंग तर पुढेच असतो!"

ती खुदकन हसली, माळ खांबाला अडकवून धावली. सामना गेलाच, पण आमचे टाळ थांबले नाहीत.

निघताना तीच काकांजवळ आली. "रविवारी पुढचा सामना आहे माझा, या हं सगळे. फक्त बुक्का जरा कमी लावा, घामाबरोबर डोळ्यांत उतरतो."