सतरा नंबरचा ढोल

“ढोल आणखी मोठा? मग संवाद काय भिंतींसाठी लिहिलेत?” ध्वनिमिश्रण करणारा ओनुकी माझ्या कानाशी पुटपुटला.

तोक्योच्या ह्या स्टुडिओत बावीस वर्षं मी एकाच मारधाडीच्या कार्टून मालिकेसाठी, म्हणजे अ‍ॅनिमेसाठी पार्श्वसंगीत निवडतेय. पूर्वी शेवटचा घाव घालण्याआधी नायक पोरगा आईला हाक मारायचा, तेव्हा मी नुसती बासरी लावायचे. लोक रडायचे. गेली तीन वर्षं मात्र दिग्दर्शक सेगावांचा दर भागात एकच हुकूम, आमच्या संगीतसंग्रहातला सतरा नंबरचा ढोल, तोही दणक्यात. प्रेक्षक विचारतात, ही मालिका आहे की मिरवणूक? शिव्या मला.

इतक्यात दार ढकलून चिगुसाबाई आत आल्या, हातात डोरायाकी मिठाईचा खोका. वय अडुसष्ट. त्या चौदा वर्षांच्या पोराचा आवाज पहिल्या भागापासून त्यांचाच. आवाज देऊन झाला की कलाकार घरी जातात, मिश्रणाला कुणी येत नाही.

“बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?” सेगावा धडपडून उठले. “हा ढोल ऐका. लढाईला कसा जोर येतो!”

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

“ढोल काढून ऐकव गं,” बाई मला म्हणाल्या.

कुणी हलेना. शेवटी मीच ढोल बंद केला. खोलीभर “आई!” अशी हाक घुमली. चिरकी, थरथरती, एखाद्या आजीची.

बाईंनी खोका उघडून माझ्यापुढे धरला. “तीन वर्षं झाली माझा आवाज जाऊन. तो झाकायलाच हा ढोल, कळतं मला. आता नवी पोरगी शोधा. आणि तिला बासरी द्या.”