सदऱ्याचा धनी

गोधड्या शिवायची सुंदरम्माला भारी हौस. बहात्तरच्या दुष्काळात नवरा कामाच्या शोधात गेला तो परतलाच नाही, तेव्हा तिनं त्या हौसेचाच धंदा केला. पण बाळाच्या दुपट्याची मागणी आली, तेव्हा घरातली जुनी लुगडी संपली होती. मग सासूची नजर चुकवून तिनं नवऱ्याचा निळा सदरा फाडला. "येईल की माझा गुरप्पा," म्हणत सासू त्या सदऱ्याला कुणाला हात लावू देत नसे.

गिऱ्हाईक बाईनं दुपटं उलटसुलट करून पाहिलं. "नातवाला न्यायचंय. गेलेल्या माणसाचं कापड न्हाय न्हवं ह्यात?"

सुंदरम्मा काय सांगणार? नवरा जिवंत आहे की नाही, तिला तरी कुठं ठाऊक होतं! तेवढ्यात सासू पुढं आली आणि तिचं बोट निळ्या पट्टीवर थांबलं. आता ही घर डोक्यावर घेणार, असं सुंदरम्माला वाटलं.



"बिनघोर न्या," सासू खाली मान घालून म्हणाली. "सदऱ्याचा धनी धडधाकट हाय. विजापुरात दुसरा संसार मांडलाय त्यानं."