रेघेवरची काडी

"हा मटका वर्गात चालणार नाही," हेडमास्तर विद्याधर सर दारातूनच म्हणाले.

सातवी 'क'ची पोरं फरशीवर उकिडवी बसली होती. फरशीवर खडूच्या समांतर रेघा, दोन रेघांत एका काडीचं अंतर. हातांत गुल खुडलेल्या आगपेटीच्या काड्या. काड्या उधळायच्या, रेघेला किती टेकल्या ते मोजायचं. टाकलेल्यांची दुप्पट भागिले टेकलेल्या, की वर्तुळाचा π निघतो. गणिताच्या सुनंदाबाईंनी तसं सांगितलं होतं. एरवी या वर्गाला पाढ्यांपलीकडे कोण काय सांगणार? कांजूरच्या त्या शाळेनं आधी पोरं ढ म्हणून वेगळी काढली, मग ती ढच राहतील याची काळजी घेतली.

"मटका नाही सर. यातून π येतो," बाई म्हणाल्या.

"बघू ना. तास संपेपर्यंत बावीस छेद सातच्या आसपास काही आलं तर ठीक. नाहीतर उद्यापासून हे बंद. 'क'ला पाढे पुरे."

पहिल्या गटाचं आलं तीन पॉइंट पाच. दुसऱ्याचं तीन पॉइंट दोन.

"ज्याचा त्याचा π," सर हसले.

तिसऱ्या गटाची प्रेमा उठली. "तीन पॉइंट एक चार, बाई."

सरांचं हसू गेलं. बाईंनी उत्तर फळ्यावर लिहिलं आणि प्रेमाजवळ गेल्या.

"काड्या सरकवल्यास?"

"थोड्याच," प्रेमा खाली बघत म्हणाली. "नायतर हे बंद करतील ना."

बाईंनी ते उत्तर पुसून टाकलं.

"अहो, आलेलं उत्तर पुसता?"

"आलेलं नाही सर, आणलेलं. प्रेमा, पुन्हा टाक."

पुन्हा टाकलं. मोजणी बघायला सर पुढे आले, थेट रेघांवर. दोन पॉइंट नऊ.

"वाट लागली," जयवंत पुटपुटला.

"एकेकाचं धरून बसू नका," बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या काड्या एकत्र करा. जयवंत, भाग दे."

भागाकार म्हटलं की पाणी प्यायला पळणारा जयवंत. खडू मोडला, तरी थांबला नाही. तीन पॉइंट एक पाच.

सगळा वर्ग फरशी बडवायला लागला.

"थोडं जास्तच आलंय," सर म्हणाले.

"आमची एक काडी मोजायची राहिलीय सर," प्रेमा म्हणाली. "तुमच्या बुटाखाली आहे. टेकली असेल तर उत्तर थोडं उतरेल. सावकाश उचला. आणि तुम्हीच बघा, मी हात लावत नाही."

सरांनी बूट उचलला. वाकले.

"रेघेवर आहे," ते हळूच म्हणाले.

"जोरात सांगा ना सर. जयवंतला लिहायचंय."