एकदा तरी

"बेन, मग पुढच्या सोमवारी धरायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

वापीच्या त्या दवाखान्यात नारू आणि हंसा तिसऱ्यांदा आले होते. हंसाचं वजन एकशे एकतीस किलो. साखर चढलेली, गुडघे गेलेले, आणि हल्ली झोपेत श्वास अडायचा. पोट लहान करायचं ऑपरेशन हाच उपाय, असं डॉक्टरांनी पहिल्याच खेपेला सांगितलं होतं. खर्च तीन लाख. महाराष्ट्राचं रेशनकार्ड इथे गुजरातेत चालत नाही, हे काउंटरवरच्या मुलीने कार्ड हातात न घेताच सांगून टाकलं होतं.

धाकटी डहाणू या त्यांच्या गावच्या खाडीत नारूची होडी होती. गावातलाच चिमण तिचे तीन लाख द्यायला तयार होता. होडी गेली की नारूने दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी व्हायचं, हे उघडच होतं. विकायची की नाही, हे मात्र घरात दोघांपैकी कुणीच तोंडाने बोललं नव्हतं.

हंसाने डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

टेबलावर प्लॅस्टिकचं पोट ठेवलं होतं, भाग सुटे करून दाखवायचं. नारू त्याच्याकडे बघत राहिला. तिची नजर त्याला कळत होती. आपण मान वर करायला हवी, हेही कळत होतं.

"नको, डॉक्टर," हंसा म्हणाली. "मला भीती वाटते."

"असंच चाललं तर हार्टवर येईल, बेन." डॉक्टर नारूकडे वळले. "तुम्ही तरी सांगा यांना."

"तिला भीती वाटते म्हणते," नारू म्हणाला.

हंसा भिणारी बाई नव्हती. कमरेएवढ्या भरतीत उतरून तिने मासळीच्या टोपल्या वाहिल्या होत्या. हे नारूइतकं कुणाला माहीत? तरी जिना उतरताना त्याला हलकं वाटलं. खडकात अडकलेलं जाळं न फाटता सुटून यावं, तसं.

हायवेवर जीपवाल्याने हंसाचे दोन सीटांचे पैसे मागितले. एरवी नारू यावरून हमरीतुमरीवर यायचा. आज त्याने मुकाट काढून दिले. तलासरी आलं, गेलं.

डहाणूची रिक्षा भरेपर्यंत चारोटीला दोघं एका हॉटेलात बसली. नारूने न विचारताच वडे मागवले.

"यंदा पापलेट बरं लागलं तर पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला. "हल्ली सरकारी योजनाही निघतात नव्या नव्या. आणि तू चालायला लाग. सकाळी किनाऱ्याने. मीही येईन."

हंसाने वडा मोडला, पण खाल्ला नाही.

"तुम्ही एकदा तरी म्हणायला हवं होतं."

"काय?"

"करून घे म्हणून."

नारूने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावरची माणसं आपल्याच नादात होती.

"अगं, तूच तर नको म्हणालीस."

"मी नकोच म्हटलं असतं. होडी विकून खायचं काय?" तिने पदराने बोटं पुसली. "सात वेळा सांगितलं असतं तरी नकोच म्हटलं असतं. पण तुम्ही एकदा म्हणायचं होतं."

नारूच्या तोंडाशी आलं, परत जाऊ, डॉक्टर पाचपर्यंत असतात. त्याने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून गेले होते. आता म्हटलं तर ती हसेल, असं त्याला वाटलं.

"डहाणू, डहाणू! दोन सीट!" बाहेरून रिक्षावाला ओरडला.

हंसाला खुर्चीतून उठायला नेहमी आधार लागायचा. नारूने झटकन पुढे होऊन हात दिला.

ती टेबलाला धरून उठली.