मांजर रजेवर

बाबांनी चीनमधल्या वुशी शहरातला छत्र्यांचा कारखाना विकून मला ॲडलेडला पाठवलं. व्हिसा तात्पुरता, स्वतःचा धंदा चालला तरच कायमचा. माझ्या चहापत्तीच्या दुकानात बाबांनी दिलेलं बॅटरीवरचं सोनेरी मांजर हात हलवून गिऱ्हाईक बोलावतं; येत कुणी नाही. दुकानाचं भाडं भरायला मी बाबांना न सांगता कुओकाकूंच्या खानावळीत भांडी घासायची नोकरी करतो. आज मी तिथं कढई घासत असतानाच बाबांचा इस्पितळातून व्हिडिओ कॉल आला. "मालक, दुकान दाखवा की!" ते म्हणाले. काकूंनी माझ्या हातातली कढई हिसकावून स्वतः घासायला घेतली. "या वयात बाईला राबवतोस? बसव तिला!" बाबा ओरडले. मी खुर्ची दिली. "आणि मांजर कुठंय?" काकूंनी ओला हात वर करून मांजरासारखा हलवला. "रजेवर आहे. बदलीवर मी!" बाबा खोकला येईपर्यंत हसले. सलाईन लावलेला हात उचलून तसाच हलवत म्हणाले, "मालक, कोपराचा फेस पुसा."